अविनाशच्या नावाचा आशीर्वाद

सर, तुम्हाला जाऊन दहा दिवस झाले आणि मी अजून कुणालाही खरं सांगितलेलं नाही. त्या मंगळवारी भर दुपारी तुम्ही ज्याच्या डोक्यावर हात ठेवलात, तो तुमचा मुलगा अविनाश नव्हता. तो मी होतो, किसन राठोड, यवतमाळच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा. तुम्ही अविनाशचं नाव घेऊन आशीर्वाद दिलात आणि मी तो मुकाट्यानं घेतला. परवा रविवारी अविनाश मस्कतहून येतोय. दफनाला त्याला पोचता आलं नव्हतं. फोनवर त्यानं एवढंच विचारलं, "बाबा माह्यासाठी काही बोलले काय?" मी म्हटलं, या, समोरासमोर बोलू. आज शुक्रवार. त्याच्याशी बोलायच्या आधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून वही घेऊन बसलो आहे.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मला फसवायला निघाला होतात, आठवतं? तुमच्या आधीच्या माणसाला मी तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली, ती तुम्ही बाकावर बसून ऐकली आणि पाठ केली. तुमची पाळी आली तेव्हा शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलंत. मला शंका आली ती तुम्ही तक्त्याच्या जरा उजवीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत वाचत होतात म्हणून. मी तक्ता उलटा केला आणि म्हटलं, आता वाचा. तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की शेजारचा पानवाला डोकावला. "पाळकांच्या विद्यालयात चाळीस वर्षं पोरांकडून बायबलची हिब्रू पाठ करून घेतली रे," तुम्ही म्हणालात, "एवढं तर जमणारच."

काचबिंदू होता. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो आणि माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. तुमच्या डाव्या डोळ्यात काही उरलं नव्हतं आणि उजव्यात नळीतून दिसावं तेवढं होतं. मी थेंब लिहून घ्यायला डॉक्टरांकडे पाठवलं. तुम्ही जाताना विचारलंत, "रविवारी दुपारी काय करतोस? मला वाचून दाखवणारं माणूस पाहिजे." मी म्हटलं, सर, मी बोरी अरबकडच्या तांड्यावरचा माणूस, तुमचं बायबल मी कधी उघडलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच ये. आमच्यातले सगळे मान डोलावतात. तू भांडशील."

आणि मी भांडलो. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीमागचं तुमचं दोन खोल्यांचं घर, पुढं पडवी, पुढं सिमेंटचं अंगण. उन्हाळ्यात दुपारी कारखान्यांचे भोंगे बंद, रस्त्यावर माणूस नाही, पडवीचे पत्रे तेवढे तापून टकटक वाजायचे. तुम्ही खाटेवर, मी खुर्चीवर, मांडीवर मराठी बायबलातला जुना करार. मी वाचायचो आणि तुम्ही मूळ ओळ तुमच्या त्या हिब्रू भाषेत म्हणायचात. ते स्वर मला कळायचे नाहीत, पण अंगावर काटा यायचा हे मी तुम्हाला कधी कबूल केलं नाही.

तुम्हाला एकाच विषयाचं वेड होतं, आंधळेपण. संदेष्ट्याला देव सांगतो, जा, या लोकांचे डोळे बंद करून टाक, म्हणजे ते पाहतील पण त्यांना दिसणार नाही. मी चिडून म्हटलं, "हा कोनता देव सर? आमी इथं एकेका डोळ्यासाठी जीव काढून राह्यलो आन तो झाकाले सांगते?" तुम्ही खूश झालात. "चाळीस वर्षं हाच प्रश्न शिकवला किसन. डोळे कोण मिटतं? तो, की आपण?" दुसऱ्या एका ठिकाणी शाप आहे, की न ऐकणारा माणूस भर दुपारी चाचपडत फिरेल, अंधारातल्या आंधळ्यासारखा. तेवढं पान तुम्ही माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचात. ते का, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

ते तुमच्या शेजारच्या शांताबाईंनी सांगितलं. तुमचा डबा त्याच करायच्या. "सरनं पोराले मसणवटीच्या दारात म्हटलं, तुह्यं तोंड नाई पाहणार म्या आता. आन मंग डोयेच गेले ना बापा." अविनाशनं पाळक व्हायचं शिक्षण अर्ध्यात टाकलं, आखातात गेला, आणि आई गेली तेव्हा दोन दिवस उशिरा पोचला. ख्रिस्ती स्मशानभूमीच्या फाटकात तुम्ही ते बोललात आणि तो तिथूनच परत फिरला. तुमच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं होतं, की शब्द उलटून तुमच्याच डोळ्यांवर आला. मी किती वेळा समजावलं. काचबिंदू त्याच्या आधीपासून होता, नसेवरचा दाब दहा-दहा वर्षं चुपचाप वाढतो, हा रोग आहे, शिक्षा नाही. तुम्ही शांतपणे ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "तू नस बघतोस. मी वेळ बघतो." या वादात मी अजूनही मागं हटलेलो नाही, सर. रोगच होता तो.

एकदा मी तुम्हाला गंमत दाखवली होती, तुमच्या उजव्या डोळ्यात थोडं होतं तेव्हा. कागदावर एक फुली, एक ठिपका, एक डोळा झाकायचा, फुलीकडं बघत कागद जवळ आणायचा. ठरावीक अंतरावर ठिपका नाहीसा होतो. धडधाकट डोळ्यातसुद्धा जिथून नस निघते तिथं काही दिसत नाही, आणि मेंदू ती जागा आजूबाजूच्या पांढऱ्यानं भरून काढतो, म्हणून कुणाला भोक दिसत नाही. तुम्हाला ते जमलं नाही, तुमची नजर तेवढी उरली नव्हती, मग तुम्ही मला करायला लावलंत आणि विचारत राहिलात, "गेला? आता गेला?" गेला, मी म्हटलं. मग म्हणालात, "संदेष्टे हेच ओरडत होते रे. दिसत नाही हा दोष नाही. दिसत नाही हेच माहीत नाही, तो दोष." मी तेव्हा म्हटलं, वा सर, आमच्या धंद्यातून तुम्ही प्रवचन काढलं. मला ते माझ्याबद्दल आहे असं वाटलं नाही.

मग उजवाही गेला, आणि तुम्हाला माणसं दिसायला लागली.

आधी मुलं. कुंपणाच्या भिंतीवर ओळीनं बसलेली, स्वच्छ कपड्यांतली, अगदी बारकी, वीतभर उंचीची, आवाज न करणारी. तुम्ही घाबरला नव्हतात. मला म्हणालात, "आज सात आहेत. मागच्या रविवारी पाच होती." मी तुम्हाला शास्त्र सांगितलं, की नजर गेलेल्या कित्येकांना असं होतं, डोक्याला चित्रांची सवय असते, बाहेरून यायची बंद झाली की ते घरचीच काढतं, वेड नव्हे, भूत नव्हे. तुम्ही मान हलवली. "बरं, बरं. पण ती आपल्याकडे बघताहेत एवढं लक्षात ठेव." मी हसलो आणि खुर्ची सरकवून भिंतीकडे पाठ करून बसलो. नंतर तासभर मानेला काहीतरी जाणवत राहिलं.

मोठा माणूस नंतर दिसायला लागला. अंगणाच्या मधोमध, फाटक आणि पडवी यांच्या मध्ये, पाठमोरा. तुम्ही म्हणायचात, पांढरा शर्ट आहे, हातात बॅग आहे, निघालेला आहे पण जात नाही. दर रविवारी मी मोटारसायकल लावून आत आलो की तुमचा पहिला प्रश्न, "त्याला बाजूनं वळसा घालून आलास ना?" पहिल्यांदा मी मुद्दाम सरळ त्या जागेवरून चालून आलो आणि म्हटलं, "पाहा सर, काही नाही." तुमचा चेहरा असा वेदनेनं आवळला गेला की पुढच्या वेळेपासून मी वळसा घालायला लागलो. शांताबाईंची शेळी तर तिथून जायचीच नाही. मी स्वतः पाहिलं आहे. भाकरीचा तुकडा दाखवून बोलावली तरी अंगणाच्या मध्यापर्यंत यायची, पाय रोवून उभी राहायची आणि कडेनं फिरून यायची. मी म्हटलं, सिमेंट तापतं म्हणून. तुम्ही मला बलामाची गोष्ट वाचायला लावलीत. रस्त्यात देवदूत उभा आहे, तो गाढवीला दिसतो, तिच्यावर बसलेल्या द्रष्ट्याला दिसत नाही, आणि तो गाढवीलाच बडवतो. वाचून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "सावली पडते का रे त्याची?" बारा वाजले होते. त्या वेळी तिथं कशाचीच सावली नव्हती.

आपलं सगळ्यात मोठं भांडण इसहाकावरून. म्हातारा, डोळे गेलेले, थोरल्याला आशीर्वाद द्यायला बसलेला, आणि धाकटा, केसाळ थोरल्यासारखे लागावेत म्हणून हातांना करडाची कातडी बांधून, भावाचे कपडे घालून येतो. म्हातारा चाचपतो, वास घेतो, म्हणतो आवाज तर धाकट्याचा आहे, हात थोरल्याचे, आणि तरी देऊन टाकतो. मी म्हणायचो, फसवलं बिचाऱ्याला. तुम्ही म्हणायचात, त्याला माहीत होतं. "बापाला पोराचा आवाज कळत नाही होय? कातडी करडाची की माणसाची, हेही कळत नाही? त्यानं न दिसण्याचा आडोसा घेतला, किसन. डोळे असते तर ते करता आलं नसतं." मी म्हटलं, मग थोरला आला तेव्हा म्हातारा थरथर का कापला? तुम्ही म्हणालात, पुढच्या रविवारी सांगतो. ते आजतागायत राहिलं.

आता ते सांगतो, जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

अविनाशचा फोन मला गेल्या थंडीतच आला होता. दुकानाचा नंबर त्यानं कुठून तरी मिळवला. म्हणाला, "किसनभाऊ, तुमी बाबाकडं जाता असं कळलं. तेईनं माह्यं नाव काढलं तर सांगजा, मी यायले तयार हाओ. नाई काढलं तर राहू द्या." त्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत. पुस्तक मिटून मी उठत होतो आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "मस्कतकडून कुणाचा काही निरोप?" मी म्हटलं, नाही सर.

का म्हटलं? मी स्वतःला खूप कारणं दिली. तुमचा रक्तदाब, त्याची नोकरी, जुनी जखम. सगळं खोटं. माझा बाप मी सहावीत असताना गेला. तांड्यावर माझी आई, माझी याडी, तिनं वाढवलं, कशाला कमी पडू दिलं नाही; पण कुणी म्हाताऱ्यानं रविवारची वाट पाहावी, पावलांवरून ओळखावं, "आलास का" म्हणावं, हे मला तुमच्याकडेच मिळालं. अविनाश आला असता तर ती खुर्ची त्याची झाली असती. मला ती सोडायची नव्हती. एवढीच गोष्ट आहे, सर, आणि ती मला तुम्ही जाईपर्यंत दिसली नाही. दर रविवारी मी तुम्हाला आंधळ्यांच्या गोष्टी वाचून दाखवत होतो.

मंगळवारी साडेअकराला शांताबाईंचा फोन आला. "सर काईच खाऊन नाई राह्यले. तुमी या." मी पोचलो तेव्हा ऊन असं होतं की अंगण पांढरं दिसत होतं. मी नेहमीसारखा वळसा घालायला निघालो आणि तुम्ही खाटेवरून, मान न वळवता, म्हणालात, "थांब. वळला तो."

मी जिथं होतो तिथं थांबलो. शेळी कुंपणापाशी उभी होती, माझ्याकडं बघत. तुमचे डोळे उघडे होते आणि ते बरोबर माझ्या चेहऱ्यावर होते. इतक्या वर्षांत ते कधी माझ्या चेहऱ्यावर स्थिरावले नव्हते. तुम्ही विचारलंत, "अविनाश?"

मी म्हणालो, "हाव, बाबा."

तुम्हाला मी जन्मात बाबा म्हटलेलं नव्हतं. मी सरळ अंगणातून चालत आलो, त्या जागेवरून, आणि तिथं सावलीत शिरल्यासारखं गार लागलं. त्याला माझ्याकडं शास्त्र नाही. खाटेजवळ गुडघे टेकले. तुम्ही माझा हात घेतलात, एकेक बोट चाचपलंत, मनगट नाकाशी नेलंत. काचा पुसायच्या स्पिरिटचा वास माझ्या हाताला कायमचा आहे, दहा वेळा धुतला तरी जात नाही. तुम्ही थांबलात.  मग म्हणालात, "वाक."

आधी तुमच्या भाषेत म्हणालात, मग मराठीत. शब्द मी विसरलेलो नाही. "अविनाश, तुझ्या वाटेवर उजेड राहो. तुझ्या घरी भाकरी राहो आणि ती खायला माणसं राहोत. जे तोंड मी नाकारलं, त्यावर देवाची नजर राहो. माझ्या तोंडून गेलेला शब्द माझ्यापाशीच संपो, तुला न लागो." हात बराच वेळ तसाच होता. संध्याकाळी पाच वाजता तुम्ही गेलात, आणि दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही हे मला तुम्हीच शिकवलेलं होतं.

इथवर शुक्रवारी लिहिलं. आज सोमवार आहे.

अविनाश काल आला. तुमच्यासारखाच चालतो, खांदा जरा झुकवून. मस्कतच्या उन्हानं काळवंडला आहे, कानशिलं पांढरी झाली आहेत. बॅग खाली न ठेवता तो अंगणात उभा राहिला, फाटक आणि पडवीच्या मध्ये, घराकडं पाठ करून रस्त्याकडं बघत, आणि अंगावर पांढरा शर्ट होता. मला हाक मारता येईना. शेवटी तोच वळला आणि म्हणाला, "आत जाऊ का नको, कळून नाई राह्यलं."

पडवीत बसून मी त्याला सगळं सांगितलं. आधी फोनचं, निरोप दडवल्याचं, ते जास्त कठीण होतं. मग मंगळवारचं. एकही शब्द गाळला नाही. म्हटलं, "तुमचं होतं, मी घेतलं. आन आता ते वापस करता येते का नाई, हे बी मले माहीत नाई."

निरोपाचं ऐकल्यावर तो उठला आणि अंगणाच्या कडेपर्यंत गेला. मला वाटलं आता निघून जाईल, किंवा मारेल. दोन्ही त्याचा हक्क होता. पाठमोराच म्हणाला, "सहा महिने भाऊ. सहा महिने मी फोन हातात घेऊन झोपलो."  

बऱ्याच वेळानं परत येऊन बसला. विचारलं, "वास घेतला म्हणता तुमच्या हाताचा?"

"हाव."

"बाबा पायाच्या आवाजावरून सांगत, कोन्या वर्गाचा पोरगा व्हरांड्यातून चालला ते. दहा वर्षं तुमी दर रविवारी आले. तेईनं तुमाले वळखलं नसन?"

"मंग नाव तुमचं काहून घेतलं?"

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "माह्यं नाव तोंडातून काढाले तेईले कोनाचं तरी डोकं पाह्यजे व्हतं हाताखाली. माह्यं नव्हतं. तुमचं व्हतं." मग वर बघून म्हणाला, "देलं तेईनं तुमाले नाई, भाऊ. तुमच्यापाशी ठेवलं."

सर, हे तुमचं उत्तर आहे की त्याचं, मला माहीत नाही. खरं आहे की मला सोडवण्यासाठी त्यानं रचलं, तेही माहीत नाही. त्यानं रचलं असेल तर तो तुमच्यामाझ्यापेक्षा मोठा माणूस आहे. एवढं दिसलं, की त्यानं खुर्ची मागं सारली, माझ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि मान खाली घातली. "ठेवा," म्हणाला. मी म्हटलं, मी तुमच्यातला नाही, मला अधिकार नाही. तो म्हणाला, "बाबाले ते चाललं. मले बी चालते."

मी हात ठेवला. पहिला भाग, तुमच्या भाषेतला, मला येत नव्हता, म्हणून तेवढा वेळ नुसता गप्प राहिलो. मग उजेड, भाकरी, माणसं, देवाची नजर, सगळं त्याच्या नावानं त्याला दिलं, आणि तुमच्या तोंडून गेलेला तो शब्द त्याला न लागो, हेही म्हटलं. सगळं दिलं, सर. काही मागं ठेवलं नाही. पण हात उचलायला मला फार वेळ लागला.